पाण्याचे देणे

मराठीतील 'देणे' हा शब्द विचार करायला लावणारा आहे. 'देवाचे देणे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी लाभलेले असते. 'सावकाराचे देणे' म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी फेडायचे असते. लाभ आणि कर्ज या दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या गोष्टींना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे. ज्यांनी ही भाषा घडविली त्यांना कदाचित या गोष्टी इतक्या वेगळ्या वाटतच नसाव्यात.

आज आपण 'वारसा' म्हणतो तेव्हा मात्र आपल्या मनात पहिलाच अर्थ असतो. वडिलार्जित घर, वाडी, शेत, सोनेनाणे यांची वाटणी होते, सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढतात आणि प्रत्येकाच्या पदरी काय पडले याचा हिशेब मांडला जातो. त्याबरोबर काही फेडायचेही असते का, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. विचारला तरी उत्तर तयार असते: ज्यांनी हे सारे उभे केले ते कधीच मातीआड गेले, त्यांचे फेडायचे तरी कसे? मेलेल्या माणसांचे ऋण जिवंतांवर असू शकते काय?

प्रश्न पुस्तकी वाटतो. आम्हांला तो गोंदिया जिल्ह्यात, एका मातीच्या पाळीवर उभे असताना पडला, आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

गोंदिया हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला. त्याच्या उत्तरेस मध्य प्रदेश आणि पूर्वेस छत्तीसगड. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांनी आणि सागवान-बांबूच्या रानांनी हा मुलूख घडविला आहे. येथे मराठीच्या झाडीबोलीबरोबरच पोवारी, गोंडी, हलबी आणि छत्तीसगडी या बोली कानी पडतात. पाऊस भरपूर पडतो. पण तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडून जातो. येथले मुख्य पीक धान, आणि धानाला तर पायाशी पाणी उभे हवे. रोवणी होऊन पीक डोलू लागावे आणि नेमका शेवटचा पाऊस दडी मारून बसावा, की वर्षाची मेहनत बांधीतच वाळून जाते. म्हणजे आभाळ जे चार महिन्यांत देते ते धरून ठेवणे आणि लागेल तेव्हा थोडे थोडे सोडणे, हाच येथल्या शेतीचा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर येथल्या लोकांनी तलाव बांधून दिले. भंडारा-गोंदियाचा प्रदेश तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो तो त्यामुळेच. पूर्व विदर्भातील अशा जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. लहान तळी, ज्यांना तिकडे 'बोड्या' म्हणतात, ती वेगळीच.

या तलावांपैकी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हा सर्वांत नामांकित. त्याचे पाणी सुमारे अकरा चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. कोहळी ही या भागातील तलाव बांधणाऱ्यांची जात. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून येथे आणून वसविले, अशी परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही तिची नोंद सापडते. जो रान तोडील आणि तलाव बांधील त्याला जमीन, असा हा व्यवहार होता.

नवेगावच्या तलावाभोवती जे डोंगर आहेत त्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. कोलू पाटलाला हे काम पुरे करता यावे म्हणून सात देवींनी त्याला हात दिला, अशी कथा आहे. पुढे कोलू पाटील स्वतःच देव झाला. कोलासुर या नावाने त्याचे ठाणे तेथल्या एका टेकडीवर आहे. आपल्या देशात राजे देव झाले, योद्धे देव झाले, संत देव झाले. पण तलाव बांधला म्हणून देवपदाला पोहोचलेला माणूस आम्हांला तरी दुसरीकडे भेटला नाही. ज्यांना त्याचे पाणी मिळाले त्यांनी कृतज्ञतेची जी सर्वांत मोठी रीत ठाऊक होती ती वापरली, इतकेच याचा अर्थ.

तथापि कोलू पाटलाला देव करून त्याचे देणे फिटले, असे त्या लोकांनी मानले नाही, ही यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. देवळाला वर्षातून एकदा शेंदूर चालतो. तलावाला तेवढ्याने भागत नाही. मातीची पाळ दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजते. उंदीर-घुशी तिला पोखरतात, झाडांची मुळे तिला भेगा पाडतात, आणि वरच्या रानातून येणारा गाळ तळाशी साचत राहतो. पाणी सोडण्याच्या तोंडाला तिकडे 'तुडुम' म्हणतात आणि जादा पाणी वाहून जाण्याच्या सांडव्याला 'सलंग'. या दोन्हींवर सतत नजर ठेवावी लागते. एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात आणि त्याचे त्याच्याही खालच्या बोडीत, अशी ही साखळी असल्यामुळे वरच्या गावाने हयगय केली तर खालच्या गावाची पाळ फुटते. म्हणून उन्हाळ्यात गाळ काढायचा, तो आपल्याच बांधीत खत म्हणून टाकायचा, मृगापूर्वी पाळीवर माती चढवायची, आणि कुणाच्या शेताला कधी व किती पाणी हे ठरलेल्या माणसाने ठरलेल्या रिवाजाप्रमाणे सोडायचे, असा गावागावांचा शिरस्ता होता. कोलू पाटलाने तलाव एकदाच बांधला. तो तीनशे वर्षे उभा राहिला, कारण त्यानंतरची प्रत्येक पिढी तो थोडा थोडा पुन्हा बांधीत राहिली.

ज्यांचा तलावाशी काही संबंध नाही असे वाटते त्या शहरालाही हे देणे चुकत नाही. गोंदिया हे शहर जुने नाही. या भागातील रानांतून गोळा होणाऱ्या गोंदावरून म्हणजे डिंकावरून त्याचे नाव पडले, अशी एक समजूत आहे. गोंड या जमातीवरून पडले, अशी दुसरी. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग निघाला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे जाऊन मुंबई-हावडा या हमरस्त्याचा भाग झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा सातपुड्याचा अरुंद मार्गही येथे येऊन मिळाला, तेव्हा गोंदियाचे नशीब उघडले. धानाच्या गिरण्या आल्या, तेंदूच्या पानांवर विड्यांचा धंदा वाढला, बाजारपेठ उभी राहिली. गोंदियाची ओळख तांदळाचे शहर अशी झाली. पण त्या गिरण्यांत भरडले जाणारे धान ज्या बांध्यांत पिकत होते त्यांना पाणी देणाऱ्या पाळी शहर जन्मण्याच्या दीडशे-दोनशे वर्षे आधी घातलेल्या होत्या. स्टेशनाबाहेर पोते उचलणारा हमाल असो की गिरणीचा मालक, त्याच्या मिळकतीत कुणा अनाम माणसाने डोक्यावरून वाहिलेल्या मातीच्या टोपल्याचा वाटा आहे.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सारे इतके सुंदर होते काय? टोपली वाहणारा तो माणूस स्वेच्छेने आला होता की वेठीने? गावाचा कारभार आधी पाटलाच्या आणि ब्रिटिश अमलात मालगुजाराच्या हाती होता. सारा वसूल करणारा तोच, पाणी कुणाच्या शेतात आधी जाईल हे ठरविणाराही पुष्कळदा तोच. वेठबिगार त्या काळी रूढ होती, जातीची उतरंड होती, आणि पाणवठ्यावर सर्वांना सारखे स्थान नव्हते. दंतकथेत कोलू पाटलाचे नाव राहिले, सात देवींचे राहिले. ज्यांचे हात मातीत गेले त्यांच्यापैकी एकाचेही राहिले नाही. शिवाय पाळी घालण्याआधी येथे रान होते आणि त्या रानात माणसेही होती. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे दर माघी पौर्णिमेला गोंड समाजाची अलोट यात्रा जाते. काली कंकालीची मुले तेथे कोंडली गेली होती आणि पहांदी पारी कुपार लिंगो व जंगुबाई यांनी त्यांना सोडविले, ही त्यांची धर्मस्मृती. तीत ना तलाव आहे ना शहर. आपण जिल्ह्याचा इतिहास सांगू लागलो की तो बांधणाऱ्यांपासून सुरू करतो, ही आपली सवय किती एकांगी आहे, हे ती यात्रा दाखवून देते.

मग जो वारसा अन्यायाच्या हातांनीही घडला आहे त्याचे ऋण मानायचे काय? काहीजण म्हणतील, नको. जुनी व्यवस्था गेली, तिच्याबरोबर तिचे देणेही गेले. इतिहासात हा प्रयोग खरोखरच होऊन गेला आहे. गोंदिया-भंडारा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होते. १९५० सालच्या कायद्याने तेथील मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये हे तलाव मालगुजारांच्या हातून सरकारकडे गेले. पुढे १९५६ साली हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव, आणि त्याचे 'मामा तलाव' हे सुटसुटीत रूप, तेव्हापासूनचे. मालगुजारी जाणे न्याय्य होते याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या न्यायाच्या उजेडात एक गोष्ट नजरेतून सुटली. गावकऱ्यांचे पाण्यावरचे पूर्वापार निस्तार हक्क कायम राहिले. पाळीची जबाबदारी मात्र दूरच्या कचेरीत गेली. पूर्वापार हक्काच्या पाण्यावर पट्टी वसूल होईना, आणि पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कोठून, असे कचेरी म्हणू लागली. तलाव सरकारचा, मग गाळ आम्ही का काढावा, असे गाव म्हणू लागले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. तलाव मात्र दोघांच्या बरोबर असण्याखाली भरत गेले. गाळ साचला, काठावर अतिक्रमणे आली, आणि बेशरमाच्या झुडपांनी कित्येक तलावांचे पोट व्यापून टाकले.

आम्हांला वाटते, ऋणाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. जुन्या व्यवस्थेत हक्क विषम होते म्हणून ते मोडणे आवश्यक होते. परंतु तिच्यात एक कर्तव्यही गुंफलेले होते, आणि ते कर्तव्य काही मालगुजाराशी बांधलेले नव्हते. ते पाण्याशी बांधलेले होते. वेठीने वाहिलेली माती ही तर अधिकच जड असते. ज्याला मोबदला मिळाला त्याचे देणे निदान काही अंशी फिटलेले असते. ज्याला मिळाला नाही त्याचे पुरते बाकी राहते. त्या अनाम माणसाच्या श्रमांचे फळ आपण चाखायचे आणि त्याच्यावर अन्याय झाला होता हे कारण सांगून त्याचे कामही बुडवायचे, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

सामाईक मालमत्तेविषयी गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाचा १९६८ सालचा निबंध प्रसिद्ध आहे. जे सर्वांचे असते त्याचा प्रत्येकजण फायदा घेतो आणि काळजी कुणीच घेत नाही, म्हणून ते नष्ट होते, असे त्याचे प्रतिपादन. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडमधील गायराने, जपानमधील रानवाटे आणि स्पेन व फिलिपाइन्समधील पाटबंधारे अभ्यासून १९९० साली दाखवून दिले की हे सर्वत्र खरे नाही. जेथे वापरणारेच नियम करतात, देखरेख ठेवतात आणि आपसांतील तंटे मिटवितात, तेथे सामाईक गोष्टी शतकानुशतके टिकतात. त्यासाठी तिला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोंदियाच्या तलावांनी दोघांचेही म्हणणे खरे करून दाखविले: गाव सांभाळीत होते तोवर ऑस्ट्रॉमबाईंचे, आणि गावाने हात काढून घेतल्यावर हार्डिनचे.

मग या तलावांचे खरे वारस कोण? कागद पाहिला तर सरकार. वंशावळ पाहिली तर कोहळी आणि माजी मालगुजारांची घराणी. शेत पाहिले तर ज्यांना पाणी मिळते ते धानउत्पादक. या तिन्ही याद्यांत ज्यांचे नाव बहुधा शेवटी येते ते ढिवर, म्हणजे या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे लोक. त्यांच्यापैकी पुष्कळांना शेत नाही. परंतु कोणती पाणवनस्पती कोणत्या खोलीवर उगवते, कोणता मासा कोठे अंडी घालतो, उथळ काठ का राखला पाहिजे, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. गेल्या काही दशकांत 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने अर्जुनी-मोरगाव परिसरात त्यांच्याबरोबर राहून तलावांचे काम हाती घेतले. बेशरम उपटणे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे, स्थानिक मासे परत आणणे, असे हे काम. त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. ज्यांना या वारशातून सर्वांत थोडे मिळाले त्यांनी त्याचे देणे सर्वांत आधी ओळखले. महाराष्ट्रात आता मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरलेला सारस पक्षीही अशाच तलावांच्या उथळ काठांवर आणि धानाच्या बांध्यांत जगतो. बांधीत सारसाने घरटे केले तर तेवढा तुकडा सोडून काम करणारे शेतकरी तेथे आहेत. पाखराचा कोणता वारसाहक्क कोणत्या दप्तरी नोंदलेला असतो? तरीही तो मानला जातो.

मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावात काढलेल्या दिवसांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाचे नाव 'जंगलाचं देणं' असे आहे. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला हा माणूस १८ जून २०२५ रोजी गेला. त्याने त्या शब्दाचे दोन्ही अर्थ आयुष्यभर जागविले: जे मिळाले त्याचा आनंद घेतला, आणि लिहून ते परत केले.

हे सारे लिहिताना आमच्या मनात एक बोच आहे, ती वाचकांपासून लपविणे बरे नाही. आम्ही वसईचे. नवेगावच्या पाळीवर उभे राहून ते विस्तीर्ण पाणी पाहताना आम्हांला आठवले ते आमच्या वाडीतले बावखल. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडीत ते होते. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, विहिरींना पुरायचे. त्यावर केळी आणि पानवेली जगायच्या. आमच्या पणजोबांच्याही आधी कुणीतरी ते खणले. वाटणीच्या वेळी ते कुणालाच नको होते, कारण पाण्याला चौरस फुटांचा भाव नव्हता. मग ते बुजविले गेले, आणि बुजविल्यावर त्याला भाव आला. आलेल्या पैशांची वाटणी आम्ही अगदी चोख केली. कुणाच्याही मनात किल्मिष राहिले नाही, याचा आम्हांला अभिमानही वाटला. २०१८ च्या जुलैमध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती आणि आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून प्रशासनाला बोल लावीत होतो, तेव्हा ज्या पाण्याची हक्काची जागा आम्ही विकली तेच पाणी दारात आले आहे, हे कुणी बोलून दाखविले नाही. ठाऊक मात्र सर्वांना होते.

गोंदियाचे उदाहरण दूरचे म्हणून सोडून देता येईल. हे येणार नाही. आमच्याकडे ना मालगुजार होता ना सरकारी कचेरी. बावखल आमचे होते, कागद आमचा होता, हक्क निर्विवाद होता. त्या हक्काबरोबर काही फेडायचे होते, एवढेच आम्ही विसरलो होतो.

मेलेल्या माणसांचे ऋण त्यांना परत करता येत नाही, हे खरे. परंतु तलाव बांधणाऱ्यानेही ते मागितले नव्हते. त्याने पाळ घातली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जी माणसे होती त्यांतील बहुतेक अजून जन्मलीही नव्हती. याकोबाच्या विहिरीवर शेकडो वर्षांनी शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली, तिने याकोबाला काय दिले? विहीर वापरती राहिली आणि तिच्या नंतरच्या बाईलाही तेथे पाणी मिळाले, हीच त्याची परतफेड. हे देणे मागे फिरून फेडायचे नसते. ते पुढच्या हातात ठेवायचे असते. आपल्याला मिळाले त्याहून थोड्या बऱ्या अवस्थेत, निदान त्याहून वाईट नाही अशा अवस्थेत.

घरोघरी वाटण्या होतच राहणार. पुढच्या खेपेस भावंडे कागद घेऊन बसतील तेव्हा कुणाला काय मिळाले याच्या शेजारी आणखी एक रकाना आखता येईल: विहिरीचा गाळ कोण काढणार, सामाईक वाट कोण राखणार, उरलेले बावखल असेल तर त्याच्या काठाकडे कोण पाहणार. गोंदियाच्या गावांत पाळीवर माती चढवायचे काम मृगापूर्वी उरकावे लागते. पाऊस सुरू झाल्यावर हाती घेऊन उपयोग नसतो. आपल्या रकान्याचेही तसेच आहे.